इसब झालेल्या बाळाला दूर लोटू नका



बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की काही मुलांच्या गालांवर, कपाळावर लालसर, खरखरीत चट्टे उठतात. कधी त्यातून पाणी येते. बाळ तोंड चोळत राहते, रात्री झोपत नाही आणि आईलाही झोपू देत नाही. हे बहुधा इसब असते. थंडीत ते वाढते.

मग घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, आईने वांगे खाल्ले. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी अंगारा आणते, कोणी ताईत बांधते. शेजारीण आपले मूल बाजूला ओढते. बिचारी आई मात्र आपलेच काही चुकले म्हणून रडत बसते.

आम्ही स्पष्ट सांगतो, यात आईचा दोष नाही. इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. ज्या घराण्यात दमा, सततच्या शिंका किंवा इसब असते, तिथल्या मुलांत ते होण्याचा संभव जास्त. अशा बाळाची कातडी ओलावा धरून ठेवू शकत नाही. ती कोरडी पडते आणि साबण, घाम, धूळ तिला लगेच झोंबतात. आपल्या वाडवडिलांना या देशात स्पर्श नाकारला गेला. त्यांच्याच नातवंडाला कोणी उचलून घेऊ नये, हे आपल्या घरात घडता कामा नये.

तिस्स नावाच्या भिक्खूची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. त्याच्या अंगभर फोड येऊन ते फुटले, तेव्हा सोबतीच्या भिक्खूंनी त्याला टाकून दिले. भगवान बुद्धांनी स्वतः चूल पेटवून पाणी तापवले, त्याला कोमट पाण्याने आंघोळ घालवली, त्याची चीवरे धुववून उन्हात वाळवायला लावली. मंत्र नाही, गंडा नाही. कोमट पाणी, स्वच्छ कपडा आणि मायेचा हात. बाळाच्या इसबालाही आधी हेच लागते.

बाळाला रोज कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ घालावी. कढत पाणी नको. डाळीचे पीठ, उटणे लावून चोळू नये. साबण सौम्य, बिनवासाचा आणि थोडाच वापरावा. अंग पुसताना घासू नये, मऊ कापडाने टिपावे. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, शुद्ध खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावावी. दिवसातून आणखी दोन-तीनदा लावावी. मोहरीचे तेल लावू नये, ते झोंबते. झाडपाल्याचे ते सारेच निरुपद्रवी, असे समजू नका. कडुलिंबाचा वाटलेला पाला, हळद, लिंबू हे फुटलेल्या कातडीची आग करतात.

जुन्या सुती लुगड्याची झबली सर्वांत चांगली. लोकरीचा कपडा थेट अंगाला लागू देऊ नये. कपडे दोनदा खळबळून साबण पूर्ण काढावा. बाळाची नखे कापलेली असावीत. शेगडीची धुरी, अगरबत्ती आणि विडीचा धूर बाळापासून दूर ठेवावा. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आईचे खाणे तोडू नये. बाळंतिणीला उपाशी ठेवून बाळाची कातडी सुधारत नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. मेडिकलच्या दुकानातून शेजाऱ्याने सांगितलेली ट्यूब आणून लावू नका. अशा पुष्कळ मलमांत जोरदार स्टिरॉइड असते. दोन दिवसांत चट्टा जातो, म्हणून आपण लावत राहतो आणि बाळाची कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. मात्र डॉक्टरांनी स्वतः पाहून सौम्य मलम दिले, तर सांगितले तितके दिवस, सांगितले तितकेच लावावे. त्याला भिऊ नये.

चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू आला, पाण्याचे फोड उठले, ताप आला किंवा बाळ दूध पीत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल, तर ते इसब नसून खरूज असू शकते. तेव्हा सगळ्या घराने एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

पुष्कळ मुलांचे इसब मोठेपणी कमी होते. तोवर रोजची निगा लागते आणि ती एकट्या आईच्या अंगावर टाकू नये. वडिलांनी पाणी तापवावे, आजीने झबली धुवावीत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्याची सुरुवात आपल्या घरच्या पाळण्यापासून करू या.