दिग्दर्शकाला नारळ

नोकरदार माणसाला अठ्ठावन्न-साठ वर्षं झाली की शाल मिळते, हार मिळतो आणि नारळ मिळतो. सिनेमाच्या दिग्दर्शकाला नारळ द्यायला वर साहेबच नसतो. म्हणून ते काम आपण प्रेक्षकांनी आपणहून अंगावर घेतलं आहे. मध्यंतरात समोसा खाता खाता, "संपला हो म्हातारा!" असं आपण जाहीर करून टाकतो.

आमचे लातूरचे मेव्हणे या नारळ खात्याचे प्रमुख आहेत. आम्ही नांदेडचे. महसूल आयुक्तालय कुणाकडे असावं, यावरून ज्या दोन गावांचं जुळलं नाही, त्यांचं सिनेमावरून काय जुळणार? मेव्हणे म्हणतात, "दाजी, साठीनंतर डोकं चालत नसतंय. शांतारामबापूंचंच बघा की. शेवटी नुसता रंग आणि घुंगरं! तो १९८७चा 'झंझार' आठवतो का कुणाला? आणि देव आनंद? अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असताना 'चार्जशीट' काढला! कुणाची बाजू घ्यायलाव तुम्ही?"

बाजू मी हिशेबाची घेतो. बापूंचा जन्म १९०१चा. १९७१ साली त्यांचा 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' आला आणि पडला. मेव्हण्यांच्या नियमाप्रमाणे नारळ द्यायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ला, सत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी 'पिंजरा' काढला! एका वर्षात दृष्टी गेली काय आणि परत आली काय? मोतीबिंदूसुद्धा इतक्या झटपट निघत नाही.

'पिंजरा'तल्या मास्तरांची गंमत आठवते ना? मास्तरांचा खून केला म्हणून मास्तरांनाच पकडतात. थोर दिग्दर्शकाचं म्हातारपणी नेमकं हेच होतं. १९३९ साली 'माणूस' काढणाऱ्या शांतारामाचा खून केल्याचा आरोप आपण म्हाताऱ्या शांतारामावर ठेवतो. साक्षीदार आपण, न्यायाधीशही आपणच!

म्हणजे उतारवयातले सगळेच सिनेमे चांगले असतात, असं मी म्हणत नाही. वाईट असतात, काही तर फारच. पण दोष वयाचा नाही, सोबतीचा आहे. कोल्हापुरात १९२९ला 'प्रभात' निघाली तेव्हा मालक पाच होते. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी ही काही माना डोलावणारी मंडळी नव्हती. १९४२ला बापूंनी मुंबईत 'राजकमल' काढलं. आता मालक तेच, निर्माते तेच, दिग्दर्शक तेच. पगाराच्या माणसानं पगार देणाऱ्याला "हे काही जमलं नाही" म्हणायचं तरी कसं? तुम्ही म्हणालं होतं का कधी तुमच्या साहेबाला?

यावर मेव्हण्यांनी मला कोंडीत पकडलं. "मग १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' राजकमलमध्येच कसा जमला?" प्रश्न वकिली आहे, पण उत्तर सोपं आहे. त्या चित्रपटाची कथा गदिमांची होती. 'पिंजरा'चे संवाद शंकर पाटलांचे होते. समोर तोलाचा माणूस बसला होता, तेव्हा बापूंची नजर पंचावन्नाव्या वर्षीही साबूत होती आणि सत्तराव्या वर्षीही.

सुमित्रा भावे यांचंच बघा. बाई चाळिशी ओलांडल्यावर या धंद्यात आल्या. १९८५ला 'बाई' हा पहिला लघुपट केला. मग वर्षानुवर्षं सुनील सुकथनकरांबरोबर जोडीनं काम. 'कासव'ला २०१६ सालचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. तिकडे जपानात कुरोसावांनी पंचाहत्तराव्या वर्षी 'रान' केला. यांना नारळ देणारा मेव्हणा भेटला नाही, हे जगाचं नशीब.

आणि प्रेक्षक तरी कुठे साधे आहेत? आपल्याला 'लातूर पॅटर्न'ची सवय. तोच धडा पुन्हा, तीच प्रश्नपत्रिका पुन्हा, गुण मात्र दरवेळी वाढले पाहिजेत. दिग्दर्शकानं जुनंच केलं तर "तेच तेच दळण"; नवं केलं तर "पूर्वीची सर नाही". बिचाऱ्यानं करायचं काय? सत्कार स्वीकारायचे! तेवढीच एक गोष्ट आपण म्हाताऱ्यांना मनापासून देतो, कारण सत्कारात वाद घालावा लागत नाही.

हे फक्त सिनेमाचं असतं तर मी इतका तावातावानं लिहिलं नसतं. निवृत्त माणसाच्या घरातही हेच चालतं. पूर्वी मी काही बोललो की मुलगा तोंडावर म्हणायचा, "बाबा, तुमचं चुकतंय." आता म्हणतो, "हो बाबा, बरोबर आहे," आणि जे करायचं तेच करतो. याला घरात शांतता म्हणतात. मला तर ती शाल-श्रीफळाचीच तयारी वाटते. ज्याला कुणी खोडून काढत नाही, त्याला आपण कुठे घसरलो हे कळणार कसं?

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याशी भांडा. त्याचा सिनेमा पडला तर पडला म्हणून सांगा. पण पुढचा बघायला जा. एवढं सगळं मेव्हण्यांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "दाजी, साफ चुकायलाव तुम्ही!"

काय सांगू, दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.