दत्तक की सावड?

‘दत्तक गाव’ हा शब्दप्रयोग लातूर-नांदेडकडच्या बोलण्यात आता इतका रुळला आहे की, त्यातले रूपक आपल्याला जाणवेनासे झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यांतील अनेक गावे निरनिराळ्या संस्थांनी ‘दत्तक’ घेतली. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतही सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी ‘दत्तक गाव’ ठरवले जाते. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी या शब्दापाशी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

दत्तविधानाची परंपरा पाहिली तर दत्तक घेण्यात गरज मुख्यतः घेणाऱ्याची असे. वंश खुंटू नये, पितरांना पाणी मिळावे, यासाठी मूल घेतले जाई. मुलाचे जन्माचे गोत्र तुटे, नाव बदले. पण या सगळ्याच्या बदल्यात त्याला एक गोष्ट निश्चित मिळे, ती म्हणजे वारसा. नव्या घराच्या मालमत्तेचा तो हक्काचा धनी होई. गाव दत्तक घेताना मात्र या विधीचा पहिला भाग तेवढा पाळला जातो. दात्याच्या नावाची पाटी लागते, जुन्या गावाची घडण मोडते. दात्याच्या घरात मात्र गावाला वाटा नसतो आणि त्याच्या निर्णयात शब्दही नसतो.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात हे स्पष्ट दिसले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, हीच घरे जिवावर उठली होती. ती पुन्हा तशीच उभी करणे शक्य नव्हते, हे मान्यच आहे. परंतु गल्ल्यांच्या जागी सरळ रेषेतले रस्ते आले, भावकी विखुरली, आणि घराचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली. देणाऱ्यांची सद्भावना खरी होती; नात्याची मांडणी मात्र एकाच बाजूने झाली होती.

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. ब्रिटन-अमेरिकेतील कित्येक गावांतली चर्चमंडळी आफ्रिकेतील एखाद्या समाजाशी वर्षानुवर्षे नाते राखून असते. शाळेला खोल्या, दवाखान्याला औषधे, मुलांना शिष्यवृत्ती, आणि अधूनमधून परस्परभेटी असे त्याचे स्वरूप असते. स्कॉटलंड आणि मलावी यांच्या सरकारांनी २००५ साली सहकार्याचा करार केला, त्यामागेही एकोणिसाव्या शतकातील मिशनांपासून चालत आलेले असेच संबंध होते. या नात्याला आता ‘दान’ न म्हणता ‘भागीदारी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द बदलला, हे चांगलेच झाले. पण हिशेबाची वही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न शब्दाने सुटत नाही.

आज आफ्रिकेतील तो समाज जिथे उभा आहे, तिथे एकेकाळी मराठी ख्रिस्ती समाज उभा होता, याचे स्मरण आपण ठेवत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात सुरू झाले. त्याच्यामागे अमेरिकेतील चर्चमंडळींची वर्गणी होती. शाळा, दवाखाने, छापखाने, सारे त्या पैशावर चालले. या मिशनमध्ये आयुष्याची वर्षे घातलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली त्याची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. अभ्यासक्रमात टिळक भक्तकवी म्हणून येतात आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून एक अवलिया गृहस्थ म्हणून भेटतात. त्यांचा हा निर्णय चरित्रातला एक प्रसंग म्हणून वाचून पुढे जाण्यासारखा नाही. घेणाऱ्या समाजाने देणाऱ्यांपुढे मांडलेली ती एक गंभीर समीक्षा होती. प्रेम असूनही माणूस पगारापुरता बांधला गेला की बरोबरीचे नाते उरत नाही, असे त्या कृतीने सांगितले.

मग बरोबरीचे नाते असते तरी कसे? दोन उदाहरणे जवळचीच आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. बाहेरच्या चर्चसंस्थांचे साहाय्य त्यालाही होते. परंतु त्यांनी आरोग्याची सूत्रे गावातल्याच बायकांच्या हाती दिली; त्यांतील कितीतरी दलित होत्या, निरक्षर होत्या. पुढे आफ्रिकेसह अनेक देशांतले लोक या ग्राम आरोग्य सेविकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागले. ज्या दिशेने पैसा आला, तिकडे ज्ञान परत गेले.

दुसरे उदाहरण लातूर-उस्मानाबादच्या भूकंपग्रस्त स्त्रियांचे. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमुळे गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा यांपैकी काही जणी तिकडे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हेच अनुभवाचे देणे तमिळनाडूपर्यंत पोचले. ‘लाभार्थी’ म्हणून ज्यांची नावे यादीत होती, त्या आता कुणाला तरी धीर आणि सल्ला देत होत्या.

या नात्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, सावड. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल; आज तुझे शेत, उद्या माझे. शेते सारखी नसतात, पण पाळी प्रत्येकाची येते. सावड म्हणजे परतफेड नव्हे. परतफेड झाली की संबंध मिटतो. सावडीत तो पुढच्या हंगामापर्यंत चालू राहतो. म्हणूनच सावडीला सात दिवस पुरत नाहीत, वर्षे लागतात.

येथे एक आक्षेप संभवतो. सावड चाले ती बहुधा ज्यांच्याकडे बैल आणि जमीन होती त्यांच्यात; भूमिहीन तिच्या बाहेरच राहिला. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि म्हणूनच शब्द जसाच्या तसा उचलून चालणार नाही. ज्याच्याकडे बैल नाही त्याच्याकडेही काहीतरी आहे, हे ओळखणे ही नव्या सावडीची पहिली अट असायला हवी. जामखेडच्या निरक्षर सेविकेने ते सिद्ध केलेच आहे. दुसरा आक्षेप असा की, ढिगाऱ्याखाली माणसे असताना शब्दांची चिकित्सा कोण करतो? कोणीच करू नये. त्या क्षणी हात द्यावा. पण ढिगारा उपसून झाल्यावरही तीच भाषा वर्षानुवर्षे चालू राहते, तेव्हा चिकित्सा न करणे हे सोयीचे मौन ठरते.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर सुरुवात लहानच असेल. शिबिराचे गाव दरवर्षी बदलू नये. काय करायचे हे गावाच्या बैठकीत ठरावे. आणि वर्षातून एकदा गावाने महाविद्यालयात यावे. सत्कार स्वीकारायला नव्हे, शिकवायला. पेरणीची, दुष्काळाची, भूकंपाची, जुन्या घरांच्या बांधणीची शब्दसंपदा ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना मराठी विभागाच्या वर्गात खुर्ची मिळावी आणि आमच्या विद्यार्थ्यांनी वही उघडून बसावे. एवढे घडले तर ‘दत्तक’ हा शब्द कोणी बंद करावा लागणार नाही. तो आपोआप मागे पडेल.