लोकांची गाडी आणि लोकांचे देणे

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीचे सुमारे एक लाख कामगार काही तासांच्या इशारा-संपात उतरले. वेतनात दहा टक्के कपात करावी आणि काही कारखाने कायमचे बंद करावेत, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. अखेर जी तडजोड झाली तीत २०३० सालापर्यंत पस्तीस हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे ठरले. सक्तीने घरी पाठविणे तेवढे टळले. या सर्व काळात युरोपातील धनिकवर्गाच्या अर्थपंडितांनी एकच सूर धरला होता. कंपनी संकटात आली ती व्यवस्थापनाच्या चुकांमुळे नव्हे, चीनमधील बाजार हातचा निसटल्यामुळे नव्हे, तर कामगारांचे फाजील लाड केल्यामुळे. कंपनीच्या नियंत्रक मंडळात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे, त्यांच्या जोडीला लोअर सॅक्सनी प्रांताच्या सरकारचे दोघे. अशा मंडळाने कारखाना कसा चालवावा? आणि मुळात खासगी मालमत्तेत या लोकांनी लुडबुड करण्याचे कारणच काय?

सवाल रास्त आहे. त्याचे उत्तरही द्यावयास हवे. फक्त ते शोधण्यासाठी ही मालमत्ता खासगी केव्हा झाली आणि तत्पूर्वी ती कोणाची होती, हे पाहावे लागेल; आणि नेमके तेच पाहण्याची या पंडितांना सवय नाही.

फोक्सवॅगनची जी कहाणी जगभर सांगितली जाते, ती १९४५ साली सुरू होते. बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेला कारखाना, त्याचा ताबा घेणारा आयव्हन हर्स्ट हा ब्रिटिश मेजर, छताला भोके पडलेली असताना पावसापाण्यात जोडल्या जाणाऱ्या गाड्या. मग १९४८ च्या जानेवारीत आलेला हाइनरिश नॉर्डहॉफ हा कर्तबगार व्यवस्थापक आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडलेली दहा लाखावी गाडी. पुढे हीच भुंग्याच्या आकाराची गाडी अमेरिकेतील बंडखोर तरुणांची लाडकी झाली आणि २००३ साली मेक्सिकोत शेवटची ‘बीटल’ तयार होईपर्यंत अशा दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या जगाच्या रस्त्यांवर आल्या. कहाणी खोटी नाही. तिचे पहिले प्रकरण फाडून टाकलेले आहे, एवढेच.

ते प्रकरण सुरू होते २ मे १९३३ रोजी. आदल्या दिवशी हिटलरने मे दिनाला ‘राष्ट्रीय श्रमदिन’ म्हणून सुटी दिली होती आणि कामगारांच्या प्रचंड सभेपुढे भाषण केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाझी टोळ्या देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत घुसल्या. पुढाऱ्यांना पकडले, मारहाण केली, कित्येकांना छळछावण्यांत पाठविले. संघटनांच्या इमारती, बँका, छापखाने, संपनिधी, म्हणजे दोन पिढ्यांच्या श्रमिकांनी पै-पै जमवून उभे केलेले सर्व काही, जप्त झाले आणि रॉबर्ट ले याच्या ‘जर्मन श्रम आघाडी’ या सरकारी संघटनेच्या घशात गेले. तीत मालकही सभासद होते आणि संपाला बंदी होती. ही तिची ‘आघाडी’!

मोटारधंद्यातील जुने कारखानदार एक हजार मार्कांहून कमी किमतीत गाडी काढावयास उत्सुक नव्हते. त्यात नफा दिसत नव्हता. तेव्हा हे काम श्रम आघाडीकडे सोपविण्यात आले. १९३७ च्या मे महिन्यात कंपनी स्थापन झाली, १९३८ च्या मे महिन्यात फालर्सलेबेननजीक हिटलरच्या हस्ते कोनशिला बसली. पैसा कोठून आला? लुटलेल्या कामगार संघटनांच्या मालमत्तेतून आला. संघटनांच्या जागा नि इमारती विकून जे भांडवल उभे राहिले, त्यावर हा कारखाना चढला. मोडून टाकलेल्या संघटनेच्या विटांनी बांधलेला कारखाना, हे येथे नुसते अलंकारिक विधान नव्हे. तो हिशेबवहीतील जमा-खर्च आहे.

तेवढ्याने भागले नाही. गाडीची किंमत ९९० मार्क ठरविण्यात आली आणि ती आधी भरून घेण्याची युक्ती काढण्यात आली. आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट विकत घ्यावयाचे, पुस्तिकेत चिकटवावयाचे, पुस्तिका भरल्या की गाडीचा क्रमांक मिळावयाचा. या ठेवीवर व्याज नाही, ती मधेच काढून घेण्याची सोय नाही. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी सुमारे अठ्ठावीस कोटी मार्क भरले. त्यांत बहुसंख्य मध्यमवर्गीय होते. ज्याच्या नावाने हा देखावा मांडला होता त्या कामगाराला आठवड्याला पाच मार्क बाजूला टाकणे परवडणारेच नव्हते. युद्ध सुरू झाले, कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडू लागल्या. थोड्या साध्या गाड्या निघाल्या त्या नाझी बड्यांच्या दारी गेल्या. तिकिटे चिकटविणाऱ्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. आपल्याकडे भिशी बुडविणारा निदान गाव सोडून पळतो. येथे भिशी बुडविणारे सरकार होते आणि बुडालेल्यांना त्याच्या युद्धात लढावयास जावे लागले.

युद्धकाळात त्या कारखान्यात कोण राबत होते, याविषयी आज वाद उरलेला नाही. १९४० मध्ये पोलंडमधून स्त्रिया आणल्या गेल्या. मग सोव्हिएत युद्धकैदी, फ्रेंच, डच, इटालियन सैनिक, शेवटी छळछावण्यांतील कैदी, त्यांत हंगेरीतील ज्यू स्त्रिया. एकूण सुमारे वीस हजार माणसे वेठीला धरली गेली, पैकी सुमारे पाच हजार छळछावण्यांतील. १९४४ मध्ये कामगारांतील दोन-तृतीयांश असे वेठबिगार होते. पोलिश आणि सोव्हिएत स्त्रियांना मुले झाली तर ती त्यांच्यापासून काढून घेतली जात, कारण मूल पाजण्यात श्रमाचे तास वाया जातात. या अर्भकांसाठी कंपनीने ‘संगोपनगृह’ चालविले. ते पुढे र्‍यूएन या गावी हलविण्यात आले. तेथे साडेतीनशेच्या आसपास अर्भके घाण, उपासमार आणि रोगराई यांनी मेली. कारखान्याच्या मुख्य डॉक्टरवर ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला होऊन १९४७ साली त्याला फाशी झाले. डॉक्टर फासावर गेला. ज्या हिशेबाने आईच्या कुशीतून मूल काढून घेणे किफायतशीर ठरविले, त्या हिशेबाचे धनी मात्र बाहेर राहिले.

ते धनी कोण होते? गाडीचा आराखडा करणारे फर्डिनांड पोर्शे आणि युद्धकाळात कारखान्याचा कारभार पाहणारे त्यांचे जावई आंटोन पीएश. दोघांनाही फ्रान्सने काही काळ तुरुंगात ठेवले होते, मग सोडले. आणि येथे या कहाणीतील सर्वांत बोलका तपशील येतो. १९४८ साली नव्या व्यवस्थापनाने पोर्शे कुटुंबाच्या कंपनीशी करार केला. त्यान्वये निघणाऱ्या प्रत्येक बीटलमागे त्यांना ठराविक रक्कम मिळू लागली, शिवाय ऑस्ट्रियातील विक्रीचा मक्ता. हक्क चिरंतन असतो तो असा! तिकिटे चिकटविणारे मात्र याच सुमारास कोर्टाची पायरी चढले. आपली गाडी द्या, नाही तर पैसे द्या, एवढीच त्यांची मागणी. कंपनीने उत्तर दिले, तो व्यवहार श्रम आघाडीशी होता, कंपनीशी नव्हे. खटला बारा-तेरा वर्षे चालला. १९६१ साली जी तडजोड झाली ती अशी : नवी गाडी घेतल्यास सहाशे मार्कांपर्यंत सूट, गाडी नको असल्यास रोख शंभर मार्क. वेठबिगारांना तर तेवढेही नाही. त्यांच्यासाठी दोन कोटी मार्कांचा निधी निघाला तो १९९८ साली, दाव्यांचे सावट दारापर्यंत आल्यावर. तोवर त्यांतील कितीजण हयात होते?

तिसरा धनको होता कामगार संघटना. युद्धानंतर कारखाना बेवारस झाला होता. १९४९ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांनी तो जर्मन केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी यांच्या हवाली केला; मालक कोण, हे लिहिलेच नाही. संघटनांनी सांगितले, पैसा आमचा होता. आडेनाउअर सरकारला कारखाना खासगी भांडवलाच्या हाती द्यावयाचा होता. या झगड्यातून १९६० चा फोक्सवॅगन कायदा जन्मला. साठ टक्के भाग लहान गुंतवणूकदारांना ‘लोकभाग’ म्हणून विकण्यात आले, वीस टक्के केंद्राकडे, वीस टक्के प्रांताकडे राहिले. मोबदल्यात कायद्यात काही कलमे घालण्यात आली. कोणाही एकाला वीस टक्क्यांवर मताधिकार नाही. मोठ्या निर्णयांना प्रांताचा नकाराधिकार. आणि नवा कारखाना काढणे किंवा असलेला हलविणे यासाठी नियंत्रक मंडळात दोन-तृतीयांश बहुमत. मंडळात निम्मे कामगार असल्याने याचा अर्थ सरळ आहे. त्यांच्या संमतीवाचून कारखाना हलविता येत नाही.

कामगारांचे लाड म्हणतात ते हेच. ती कोणाची खैरात नव्हती. लुटलेल्या मालाचा धनी दारात उभा राहिला तेव्हा त्याला माल परत न देता हातावर ठेवलेली ती चिठ्ठी होती. तीही पुढे सहन झाली नाही. केंद्राने आपले भाग १९८८ पर्यंत विकून टाकले. युरोपीय आयोगाने हा कायदा भांडवलाच्या मुक्त संचाराला अडथळा ठरतो म्हणून दावा लावला आणि २००७ च्या ऑक्टोबरात युरोपीय न्यायालयाने तो मुख्यतः मान्य केला. मताधिकारावरील मर्यादा त्यानंतर उठविण्यात आली. आज निम्म्याहून अधिक मते पोर्शे-पीएश कुटुंबाच्या कंपनीकडे आहेत. १९३३ साली भांडवलाच्या ‘मुक्त संचारा’तून जे कामगारांकडून निघाले, ते फिरून कोठे पोहोचले ते यावरून दिसते.

कारखाना हलविण्याविषयीचे कलम मात्र टिकले, आणि त्याचा उपयोगही झाला. १९९३ साली मंदीत तीस हजार लोक काढण्याची भाषा सुरू झाली तेव्हा चार दिवसांचा, २८.८ तासांचा आठवडा स्वीकारून त्या नोकऱ्या वाचविण्यात आल्या. वेतन घटले, पण माणसे रस्त्यावर आली नाहीत. ज्या कंपनीत कामगाराला मत नाही तेथे हा तोडगा टेबलावरही आला नसता.

तथापि, कामगारांचा सहभाग म्हणजे सर्व दोषांवर उतारा, असे समजणे भाबडेपणाचे होईल. खुर्ची मिळाली की खुर्चीची सवयही लागते. २००५ साली उघडकीस आलेल्या प्रकरणात व्यवस्थापनाने कामगार मंडळाच्या अध्यक्षाला गुप्तपणे बक्षिसी रकमा दिल्या, चैनीच्या सहली घडविल्या, असे सिद्ध झाले. अधिकारी पेटर हार्ट्स यांना निलंबित शिक्षा झाली आणि अध्यक्ष क्लाउस फोल्कर्ट तुरुंगात गेला. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत डिझेलचे कुभांड बाहेर आले. चाचणीच्या वेळीच धूर शुद्ध दाखविणारी आणि रस्त्यावर विषारी वायू सोडू देणारी संगणकीय लबाडी जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसविलेली होती. नियंत्रक मंडळात सरकार होते, कामगार होते. लबाडी पकडली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, रस्त्यावर गाडी चालवून. मंडळात बसणे आणि देखरेख करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समाजवाद्यांनी आधी कबूल केले पाहिजे, मग विरोधकांना उत्तर द्यावे.

त्याहून मोठे अपयश जर्मनीच्या सीमेपलीकडचे आहे. ब्राझीलमध्ये १९६४ नंतरच्या लष्करी राजवटीत कंपनीचे सुरक्षा खाते राजकीय पोलिसांना कामगारांची माहिती पुरवीत होते. साओ बर्नार्दोच्या कारखान्याच्या आवारातच कामगारांना अटक झाली, मारहाण झाली. कंपनीनेच नेमलेल्या इतिहासकाराच्या २०१७ च्या अहवालात हे सहकार्य मान्य झाले आणि २०२० मध्ये सुमारे साडेतीन कोटी रेआल देण्याचा समझोता झाला. ॲमेझॉन खोऱ्यातील कंपनीच्या गुरांच्या मळ्यावर १९७४ ते १९८६ या काळात जंगल तोडणाऱ्या मजुरांना गुलामासारखे राबविले गेले, असा निकाल तेथील कामगार न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. कंपनीने अपिलाचा इरादा जाहीर केला. र्‍यूएनच्या अर्भकांनंतर तीस वर्षांनीही धडा शिकावयाचा राहिला होता.

याच कंपनीचा कारखाना २००९ पासून पुण्याजवळ चाकणला आहे. डिझेल प्रकरणानंतर भारतात तीन लाख तेवीस हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कंपनीचे म्हणणे, भारतातील नियम मोडलेलेच नाहीत. तो वाद न्यायालये पाहतील. कामगारांच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. चाकणसारखा कारखाना उघडावा की हलवावा, हे ज्या मंडळात ठरते तेथील कामगारांच्या जागा जर्मनीतील कामगारच निवडून देतात. चाकणच्या किंवा साओ बर्नार्दोच्या कामगाराला तेथे मत नाही. लोअर सॅक्सनीच्या सरकारला खुर्ची आहे, कताराच्या गुंतवणूकदारांनाही आहे. १९३३ साली लुटल्या गेलेल्या जर्मन कामगार संघटनेने आपल्या वाट्याच्या दहा जागांपैकी एक जागा ब्राझीलला आणि एक चाकणला देण्याची मागणी कंपनीपुढे आणि आपल्या संसदेपुढे ठेवावी. कायदा बदलावा लागेल, हे खरे. १९६० सालीही तो करावाच लागला होता.