मैदानावरची तरबियत

मुलीने मैदानात उतरावे की नाही, यावर आपल्या घरांत वाद होतात. उतरल्यावर तिला वातावरण कसे मिळेल, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही अमेरिकेतील एका संघाची कहाणी निवडली आहे.

चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात 1979 साली मुलींचा फुटबॉल संघ सुरू झाला. अ‍ॅन्सन डोरन्स हे त्याचे प्रशिक्षक. कॉलेजांची राष्ट्रीय एनसीएए स्पर्धा मुलींसाठी 1982 मध्ये सुरू झाली आणि पहिलेच विजेतेपद या संघाने घेतले. 1986 ते 1994 अशी सलग नऊ वर्षे तो अजिंक्य राहिला. 2024 मध्ये डोरन्स निवृत्त झाले, तोवर या स्पर्धेची 21 विजेतेपदे त्यांच्या नावावर होती.

हे घडले कसे? सरावातल्या प्रत्येक चुरशीची नोंद ठेवली जाई. धावण्यात कोण पुढे, समोरासमोरच्या झुंजीत कोण जिंकली, सारे लिहून फलकावर लावले जाई. मैत्रिणीला हरवले तर मैत्री तुटेल, ही मुलींच्या मनातली भीती त्यांनी काढली. मैदानात जीव तोडून झुंजायचे आणि बाहेर आल्यावर एकमेकींच्या गळ्यात गळा घालायचा, हे तिथे रुजले. त्याबरोबर संघाची काही मूल्ये ठरली होती. रडगाणे गायचे नाही, हे त्यांतले एक. मुलींना ती तोंडपाठ असत, आणि कोण ती किती पाळते हे त्या स्वतःच एकमेकींबाबत ठरवत.

एका सकाळी डोरन्स गाडीतून जात असताना त्यांना मिया हॅम मैदानात एकटीच धावण्याचा सराव करताना दिसली. पुढे ती जगप्रसिद्ध झाली. कोणी पाहत नसताना केलेल्या त्या मेहनतीचे कौतुक त्यांनी चिठ्ठी लिहून केले. दिखाव्याशिवाय केलेल्या कामाला आपण इखलास म्हणतो. त्याची किंमत सर्वत्र सारखीच.

पण कहाणी इथे संपत नाही. 1998 साली दोन माजी खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या अश्लील शेरेबाजीविरुद्ध दावा दाखल केला. आपण छळ केल्याचे डोरन्स यांनी नाकारले. प्रकरण दहा वर्षे चालले. 2008 मध्ये तडजोड झाली आणि तशा थट्टामस्करीत सामील झाल्याबद्दल त्यांनी लेखी माफी मागितली. इतक्या विजयांच्या झगमगाटात एका मुलीला आपले म्हणणे मांडायला केवढे बळ लागले असेल!

आपल्यासाठी धडा इथेच आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी पैगंबर (स.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती आणि एकदा त्या जिंकल्याही होत्या. तेव्हा मुलीच्या धावण्याला घाबरायचे कारण नाही. ती कोणाच्या हाती सोपवली आहे, याची चौकशी मात्र आपली जबाबदारी आहे. मुलगी अमानत आहे. तिचे अब्बा किंवा अम्मी अधूनमधून मैदानावर जाऊन बसोत. प्रशिक्षक मुलींशी कसे बोलतात, तक्रार आली तर ऐकणारे कोणी आहे का, हे पाहोत. आणि घरी मुलगी काही सांगू लागली, तर "उद्यापासून खेळ बंद" हे आपले पहिले वाक्य नसावे. त्या भीतीनेच अनेक मुली गप्प राहतात. आधी तिचे पूर्ण ऐकून घ्यावे.