वय झालेल्या मांजराची बाजू

मालवणच्या किनाऱ्यावर मांजर नसलेलं घर शोधावं लागेल. पिल्लू असताना त्याचं कौतुक होतं, उंदीर मारतं तोवर मान असतो. ते थकलं, कोपऱ्यात पडून राहू लागलं की त्याच घरात ऐकू येतं, ‘‘वय झाला आता तेचा, औषद कसला करतंस?’’ असं म्हणणारी माणसं निर्दय नसतात. त्यांनीच त्याला रोज मासळीतला वाटा दिलेला असतो. तरीही हे म्हणणं मला साफ अमान्य आहे. वय हा आजार नाही. बारा-पंधरा वर्षांचं मांजर हालेनासं होतं त्यामागे बहुधा दुखणं असतं, आणि ते पुष्कळदा कमी करता येतं.

सांध्यांचंच घ्या. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे क्ष-किरण फोटो तपासले होते. त्यातल्या 90 मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. मांजर कण्हत नाही, लंगडतानाही क्वचितच दिसतं. ते माळ्यावर उडी मारायचं सोडतं. पाठ चाटायला वळवत नाही म्हणून केसांच्या जटा होतात. झाडावर नखं घासणं थांबतं आणि ती वाढून तळव्यात रुततात. आपण म्हणतो, आता शांत झालं. ती शांतता नसते, ती वेदना असते.

तहानेचंही तसंच. म्हातारं मांजर न्हाणीतल्या बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी पितं आणि घरचे समाधानाने सांगतात, पाणी भरपूर पितंय हो. मूत्रपिंडाचं सुमारे दोन तृतीयांश काम गेलं की मांजराला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी वाहून जातं आणि तहान वाढते. खूप खाऊनही वाळत गेलं तर थायरॉइडची ग्रंथी वाढलेली असू शकते, किंवा मधुमेह असू शकतो. रात्री-अपरात्री ओरडलं की त्याला अभद्र म्हणून हाकलतात. त्या ओरडण्यामागे वाढलेला रक्तदाब असू शकतो, बहिरेपण असू शकतं, नाहीतर म्हातारपणीचा गोंधळ. अचानक ठेचकाळू लागलं तर रक्तदाबाने डोळ्यांचे पडदे सुटलेले असतात, असंही घडतं.

दुसरं म्हणणं आपल्या किनाऱ्याला फार सोयीचं आहे: मासे आहेत ना, मग मांजराला आणखी काय हवं? यातलं अर्धं खरं आहे. मांजर मांसाहारीच प्राणी. दूधभातावर ते जगत नाही, खंगतं. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिलं. भातात टॉरिन नसतं, मासळीत असतं. पण आपण मासे देतो ते कसे? कच्ची मुंडकी आणि आतडी, नाहीतर कढीत कालवलेला भात. काही माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज असतं. ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. असं रोज मिळत राहिलं तर मांजराची मान झुकते, चाल डगमगते, झटकेही येतात. शिजवलं की ही भीती जाते. कढीतला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळीच सतत दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते. आणि पावसाळ्याचं काय? 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. घरात खारवलेले सुके बांगडे आणि सुकट. माणूस तोंडी लावण्यापुरतं खातो, मांजराला मात्र तेच जेवण म्हणून मिळतं, आणि नेमकं तेव्हा त्याच्या थकलेल्या मूत्रपिंडावर एवढं मीठ येऊन पडतं. त्या दिवसांत उकडलेलं अंडं आणि बिनमिठाची कोंबडी द्यावी. मासा मिळाला तर काटे काढून उकडावा आणि उकडल्याचं पाणीही त्यालाच घालावं. टॉरिन त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि पाणी पोटात जातं ते वेगळंच.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. माया अनावर होते आणि कोणीतरी घरातली तापाची गोळी कुटून दुधातून देतं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निष्प्रभ करण्याची सोय त्याच्या यकृतात जवळजवळ नसतेच. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषधही तसंच घातक. वैद्याला विचारल्याशिवाय मांजराला माणसाचं काही देऊ नये.

‘मांजर मरायला आपणहून निघून जातं’ ही समजूतही सोडावी. आजारी मांजर आडोसा धरतं, कारण दुबळेपणी उघड्यावर राहणं धोक्याचं हे त्याच्या रक्तात आहे. मागीलदारच्या लाकडांमागे बसलेलं मांजर निरोप घेऊन गेलेलं नसतं. ते लपलेलं असतं, आणि बहुधा तहानलेलं असतं. त्याला शोधून घरात आणावं. पोत्यात घालून बंदरावर सोडून येणं तर गुन्हाच आहे. उपासमार, तहान होईल अशा ठिकाणी जनावर विनाकारण टाकून देणं 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमात बसतं. आयुष्यभर घरात राहिलेलं मांजर तिथल्या बोक्यांपुढे चार दिवस टिकत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. ‘‘माणसांक बांबोळीक न्हेवचा लागता, आणि तू माजराचे लाड करतंस?’’ ज्या जिल्ह्यातली माणसं मोठ्या दुखण्यासाठी वर्षानुवर्षं गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरत आली, तिथे हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण यात माणसाच्या ताटातलं काढून मांजराला द्या असं कोणी म्हणत नाही. मी मागतो ते बहुतेक घरातच आहे. घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी. कमी काठाच्या पाटीत वाळू, म्हणजे भर पावसात त्याला खळ्यात उतरायला नको. चुलीच्या उबेला घडी केलेलं गोणपाट. आवडत्या फळीखाली एक पाट, चढायला पायरी म्हणून. पंधरा दिवसांनी नखं बघणं. महिन्याला एकदा त्याला घेऊन काट्यावर उभं राहणं आणि मग आपलं वजन वजा करणं: चार किलोचं मांजर चारशे ग्रॅमने उतरलं तर ते साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्याइतकं आहे, तेव्हा थांबू नये. खर्च येतो तो वैद्याचा आणि रक्त तपासण्याचा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईगुरांसाठी जातो तसं मांजर घेऊनही जावं, संकोच करू नये. 2019 च्या पशुगणनेत कुत्रे, ससे, हत्तीसुद्धा मोजले, मांजर नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी औषध मागवलं जात नाही. टोपलीत मांजर घेऊन माणसं दारात दिसू लागली तरच हे बदलेल.

आणि हे कोणाकडे मागतो आहे तेही मला ठाऊक आहे. मुलं मुंबईला, चतुर्थीला आणि मे महिन्यात येणारी. घरात एकटी आजी आणि तिचं मांजर, दोघांचे गुडघे दुखणारे. तिला वाकून वाळू बदलणं जमत नाही. मुंबईहून येताना मिठाईच्या पुड्याबरोबर एक वजनकाटा आणावा, गावातल्या कोणा पोराला पाटी साफ करायला चार पैसे द्यावेत, आणि सुट्टीतली एक सकाळ मांजराला दवाखान्यात नेण्यासाठी ठेवावी. आजीच्या तक्रारींत मांजराची तक्रार असेल तर ती आधी ऐकावी. तिच्याइतकं त्याला दिवसभर कोणी पाहत नाही.

शेवटी असा दिवस येतो की मूत्रपिंडं संपतात, पाणीही पोटात ठरत नाही. तेव्हा वैद्याने भूल देऊन शांतपणे सोडवावं, यात मला पाप दिसत नाही. निर्णय लवकरचा की उशिराचा, हे खाणं, चाटणं, आपल्याजवळ येणं यातलं काय उरलं आहे ते पाहून वैद्याबरोबर ठरवावं, आणि इंजेक्शन देताना त्याच्या ओळखीचं माणूस त्याच्याजवळ असावं.