अठ्ठ्याऐंशी विरुद्ध दोन

दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडला जातो, हे ठाऊक असूनही यंदा सुरुवात युद्धापासून करतो आहोत. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या घराची दिवाळी कोणाच्या शब्दावर अवलंबून असावी, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

७ ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकेच्या संसदेला सांगितले होते. आग्नेय आशियात लागेल ते बळ वापरण्याची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात जेमतेम चाळीस मिनिटांच्या चर्चेनंतर ४१६ विरुद्ध ० असा संमत झाला, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. हे दोघे म्हणजे ऑरेगनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेकडे ठेवला आहे, तो असा एका माणसाच्या ओटीत घालता येत नाही, हे मॉर्स कळकळीने सांगत राहिले. पुढे उघड झाले, की दुसरा हल्ला झालाच नव्हता. तोवर वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या भिंतीवर कोरण्यासाठी ५८ हजारांहून अधिक नावे जमली होती. मेलेल्या लाखो व्हिएतनामींची नावे त्या भिंतीवर नाहीत. मॉर्स आणि ग्रुनिंग दोघांनीही १९६८ मध्ये आपली जागा गमावली.

असे पुन्हा होऊ नये म्हणून १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवले तर अध्यक्षांनी ४८ तासांत कळवायचे, मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत लढाई थांबवायची, माघारीला आणखी ३० दिवस. पण २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले चालू असतानाच साठ दिवस उलटले, तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली ही लढाईच नव्हे, असे ओबामा प्रशासन म्हणाले. हे आम्हांला मुळीच पटत नाही. अंगावर आलेला हल्ला परतवायला कोणी ठरावाची वाट पाहू नये, हे मान्य. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेला मात्र ती सबब लागू पडत नाही.

आपण हे भोगलेले आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबईचे बाळासाहेब खेर यांचेही होते. तरी गावोगावची पोरे परमुलखातल्या रणांगणांवर गेलीच. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, वयाच्या २२व्या वर्षी धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या जवानाचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला उभा आहे. त्यांना इटलीपर्यंत नेणाऱ्या घोषणेवर मतदान झाले नव्हते. विरोधात उभे राहायला दोघेसुद्धा नव्हते, कारण तो प्रश्न सभागृहापुढे ठेवलाच नव्हता.