चार वेळा उभा राहिलेला दुकानदार आणि आपला प्रभाग

तुमच्या भागात असे एक काका किंवा मावशी असतातच. ड्रेनेज तुंबलं की वॉर्ड ऑफिसला अर्ज घेऊन जाणारे. रस्त्यावरचे दिवे बंद पडले की फोटो काढून तक्रार करणारे. फुटपाथवर किती खर्च झाला ते माहिती अधिकारात मागवणारे. आपण कधीतरी त्यांना म्हणतो, ‘काका, तुम्हीच उभे राहा ना महापालिकेला!’ काका हसतात, आपणही हसतो. काका पडणार हे दोघांनाही माहीत असतं.

पण का पडणार? लोकांना ते नको आहेत म्हणून, की मैदानच त्यांच्या मापाचं नाही म्हणून?

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला जरा लांब घेऊन जाते, १९७३ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोला. हार्वी मिल्क हे नाव तुमच्यापैकी काहींनी ‘मिल्क’ या २००८ च्या सिनेमामुळे ऐकलं असेल. त्यातल्या भूमिकेसाठी शॉन पेनला ऑस्कर मिळालं होतं. आपण गे आहोत हे न लपवता कॅलिफोर्नियात निवडून आलेला पहिला माणूस, ही मिल्कची ओळख खरीच आहे आणि मोठीही आहे. पण तो गल्लीतल्या प्रश्नांसाठी भांडणारा कार्यकर्ताही होता. आज मला त्या मिल्कबद्दल बोलायचंय.

राजकारणात येण्याआधी त्याने बरंच काही करून पाहिलं होतं. जन्म १९३० चा, न्यूयॉर्कजवळचा. नौदलात नोकरी, मग शाळेत शिक्षक, विमा कंपनी, वॉल स्ट्रीट, थोडं नाटकाचं काम. चाळिशी ओलांडल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाला आणि १९७३ मध्ये कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्यांचं छोटं दुकान उघडलं. थोड्याच दिवसांत सरकारी अधिकारी आला. विक्रीकरापोटी १०० डॉलर अनामत भरा म्हणाला. मिल्क भडकला. सरकारी कार्यालयांत खेटे घालून, वाद घालून त्याने ती रक्कम ३० डॉलरवर आणली. मग एक शिक्षिका दुकानात प्रोजेक्टर उसना मागायला आली, कारण शाळेतले चालत नव्हते. करांचा पैसा जातो कुठे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला आणि त्याने थेट निवडणुकीचा अर्ज भरला.

निकाल? ३२ उमेदवारांत दहावा.

आता इथे नीट लक्ष द्या. कॅस्ट्रोमध्ये त्याला भरभरून मतं पडली होती. पण तेव्हा तिथल्या महापालिकेचे, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचे, अकराही सदस्य अख्ख्या शहरातून निवडले जात. वॉर्ड हा प्रकारच नव्हता. सुमारे सात लाख वस्तीच्या शहरात ज्याचं नाव सगळीकडे पोचेल, ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा असेल, तोच निवडून येणार. गल्लीतल्या माणसाची ओळख गल्लीपुरती आणि निवडणूक मात्र शहरभर!

मिल्क घरी बसला नाही. त्याने कॅस्ट्रोतल्या छोट्या दुकानदारांची संघटना बांधली, १९७४ मध्ये रस्त्यावर मोठी जत्रा भरवली. ट्रकचालकांच्या युनियनने एका बिअर कंपनीवर बहिष्कार टाकला तेव्हा त्याने गे बारमधून ती बिअर हटवायला मदत केली. बदल्यात अट घातली की युनियनने समलिंगी ड्रायव्हरनाही काम द्यावं. १९७५ मध्ये केस कापून, सूट घालून तो पुन्हा उभा राहिला. कामगार संघटना पाठीशी होत्या. जागा सहा होत्या, तो सातवा आला. १९७६ मध्ये राज्याच्या असेंब्लीसाठी लढला, तिथेही थोडक्यात हरला.

म्हणजे तीन पराभव. एखाद्याने म्हटलं असतं, बाबा, लोकांना तू नको आहेस, समजून घे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी निवडणुकीची पद्धतच बदलली. शहराचे अकरा वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाचा एक प्रतिनिधी. १९७७ मध्ये मिल्क पाचव्या वॉर्डातून उभा राहिला, समोर सोळा उमेदवार होते, आणि तो आरामात जिंकला. माणूस तोच, दुकान तेच, मुद्देही बरेचसे तेच. बदललं होतं ते मैदान.

आणि फक्त त्याच्यासाठी नाही. त्याच निवडणुकीतून पहिली कृष्णवर्णीय महिला निवडून आली, चिनी वंशाचा सदस्य आला, एकटीने मूल वाढवणारी आई आली. शहरात राहत असूनही सभागृहात न दिसणारी माणसं एकदम आत आली.

मिल्कने समलिंगी व्यक्तींना नोकरी आणि घर नाकारण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर करून घेतला. पण त्याचा सगळ्यात लोकप्रिय कायदा कोणता, सांगा. कुत्रा फिरवायला नेलात तर त्याची घाण मालकानेच उचलायची! पत्रकारांना बागेत बोलावून, बोलता बोलता नेमका त्या घाणीत पाय देऊन त्याने तो विषय शहरभर नेला. मोठ्या हक्काची लढाई आणि बागेतली घाण, दोन्ही एकाच माणसाच्या अजेंड्यावर होती. मला नगरसेवक असाच हवाय.

यात एक कडू भागही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. याच वॉर्ड पद्धतीतून डॅन व्हाइट नावाचा सदस्यही निवडून आला होता. त्याने राजीनामा दिला, मग तो परत मागितला, मिळत नाही म्हटल्यावर २७ नोव्हेंबर १९७८ ला महापालिकेतच महापौर जॉर्ज मॉस्कोन आणि मिल्क या दोघांना गोळ्या घातल्या. मिल्कला जेमतेम अकरा महिने मिळाले. १९८० मध्ये मतदारांनी वॉर्ड पद्धत रद्द केली. ती परत यायला २००० साल उजाडलं. लहान वॉर्डातून चांगलीच माणसं येतात असा माझा दावा नाही. पण दार उघडं असेल तरच चांगल्या माणसाला आत येता येतं.

आता आपल्याकडे या. मुंबईत २२७ वॉर्ड आहेत आणि एका वॉर्डाचा एक नगरसेवक. २००७ मध्ये जुहूतून अॅडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून अपक्ष निवडून आले ते याच पद्धतीत. पुण्यात काय झालं बघा. २००७ ला एक सदस्याचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा प्रभाग, २०१७ ला चारचा. मध्येच तीनचा ठरला, सरकार बदललं, पुन्हा चार. आता पुण्यातल्या एका प्रभागात साधारण ८० हजारांच्या वर लोक येतात. काकांना तेवढ्या घरांत पोचायचं म्हणजे चार पॅनेल, चार जणांचा खर्च आणि मागे पक्ष हवाच. ते उभे राहण्याआधीच अर्धे हरलेले असतात.

मोठ्या प्रभागाच्या बाजूनेही बोललं जातं. प्रत्येक प्रभागात महिला नगरसेविका असतेच, आरक्षणामुळे एखाद्या भागातली सगळी दारं बंद होत नाहीत, एकाच माणसाची मक्तेदारी होत नाही. हे मुद्दे खोटे नाहीत. पण मग खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची? ‘अ’ म्हणणार ‘ब’ला विचारा, ‘ब’ म्हणणार ‘क’ला. चार जण जबाबदार म्हणजे कुणीच नाही, हे ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला मी समजावून सांगायची गरज नाही. आणि सॅन फ्रान्सिस्कोत पद्धत बदलायची की नाही ते मतदारांना विचारून ठरलं. आपल्याकडे ते सरकार ठरवतं, आणि आपण त्या बातमीचं पान उलटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मतदानाच्या दिवशी शाई लावलेल्या बोटाचा सेल्फी टाका, जरूर टाका. पण निवडणुकीची खरी सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा जाहीर होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. तिथे कोण जातं? बहुतेक वेळा इच्छुक आणि त्यांचे कार्यकर्ते. पुढच्या वेळी तो नकाशा उघडा. आपला रस्ता, आपलं हॉस्टेल, आपली वस्ती कुठे टाकली आहे ते बघा. पटलं नाही तर लेखी हरकत द्या. त्याला फार हुशारी लागत नाही, एक अर्ज लागतो.

आणि हो, महापालिका लढवायला वयाची अट २१ वर्षांची आहे. मी बावीसची आहे, तुमच्यातले बरेच जण एक-दोन वर्षांत तिथे पोचतील. काकांना आपण हसत हसत म्हणतो ते उद्या कुणी आपल्यालाही म्हणेल. तेव्हा मैदान केवढं असावं, यावर आत्ताच बोललेलं बरं.